लोखंड

आमच्या शाळेची घंटा म्हणजे
खाणीवरच्या ट्रकचा तुटका पाटा.
ठोका पडला की दत्तेश बाकाखाली,
कान दाबून, गुडघ्यांत डोकं.

फॉर्मवर रकाना होता : अडचणीचा प्रकार.
मी लिहिलं, लोखंड.
मग खोडलं. साहेब रागावले असते.

शेवटी हातोडी त्याच्याच हाती दिली.
चार दिवस नुसती धरून उभा राहिला.
शिरगावचा बालरथ फाटकाशी ताटकळला,
ड्रायव्हर काय काय बोलला.

पाचव्या दिवशी वाजवली,
इतकी हळू, जणू भिरंड फोडतोय.
पोरं विचारत राहिली, वाजली?

आता साडेबारा होत आले की
चौथीसुद्धा गप्प बसते, कान लावून.
मला कधी कधी तरीही ऐकू येत नाही.
दत्तेश दारातून खुणावतो :
टीचर, झाली.