क्यू चाळीस पॉइंट शून्य

पिओरियात रात्रीचे अकरा. तळघरातला हीटर
घसा खाकरतो आणि गप्प बसतो.
पडद्यावर डेस्मंड कोवाल्चिक, वय पाच आठवडे,
पहिलटकरणीचा मुलगा,
वजन जन्मावेळेपेक्षाही कमी.

सर्जननं एवढंच लिहिलंय:
जठराचं तोंड अरुंद. शस्त्रक्रिया केली.
कधीपासून अरुंद, ते नाही.
सॉफ्टवेअर लगेच मोठ्या माणसाचा कोड पुढे करतं,
जणू पाळण्यात कुणी पन्नाशीचा गृहस्थ
ॲसिडिटीची गोळी मागतोय.

मला अंदाज करायची मुभा नाही.
जे लिहिलं नाही ते घडलंच नाही,
आमच्या धंद्यातला पहिला धडा.
म्हणून रीतसर विचारते:
कृपया स्पष्ट करावे, विकार जन्मजात की नंतरचा?

उत्तर येईतो बाकीची पानं चाळते.
सोनोग्राफी: स्नायूची जाडी साडेचार मिलिमीटर.
पोटात हाताला लागलेली गाठ: ऑलिव्हएवढी.
ऑलिव्ह मी इथे येऊन पाहिलं,
मी बोराएवढी लिहिलं असतं.
रक्तात क्लोराइड कमी, त्याला कोड आहे.
अंगातलं पाणी आटलं, त्यालाही.
मग नर्सची एक ओळ, पहाटे तीन दहाची:
आई म्हणते, सगळं दूध भिंतीपर्यंत उडवतो
आणि लगेच पुन्हा तोंड उघडतो.
याला नाही.

परभणीला, माझ्या आधी, एक होता.
आई त्याच्याबद्दल एकच वाक्य बोलायची,
तेही भांडी लावताना, पाठमोरी:
ओकायचा, आणि ओकून झालं की मलाच शोधायचा.
कुणी म्हणालं दूध बाधतंय, कुणी म्हणालं दृष्ट.
मग तिचं दूध तोडलं, साखरेचं पाणी दिलं.
सहाव्या आठवड्यात प्रश्नच उरला नाही.
बारसं व्हायचं होतं, म्हणून नाव नाही,
नगरपालिकेच्या वहीत ओळ नाही.
जे लिहिलं नाही

डॉक्टरांचं उत्तर आलं, जरा वैतागलेलं:
पोर पाच आठवड्यांचं आहे हो. जन्मजातच.
चला. क्यू, चाळीस, पॉइंट, शून्य.
डेस्मंड तिसऱ्या दिवशी घरी गेला,
साठ मिली दूध पोटात ठेवून, असं शेवटच्या पानावर आहे.
ते पान मला वाचायची गरज नव्हती.

प्रश्नाचा फॉर्म अजून उघडाच.
कृपया स्पष्ट करावे, एवढं टाइप होतं आपोआप,
मग कर्सर लुकलुकत राहतो.
आईला जाऊन नऊ वर्षं झाली.
तो दिसायला कसा होता, हे तरी विचारायचं होतं.

रांगेत सतरा चार्ट.
पुढची बाई एकाहत्तर वर्षांची, बर्फावरून घसरलेली,
घोटा. डावा की उजवा,
कुणी लिहिलेलं नाही.