छत्तीसच्या पुढे

शिवडीच्या धक्क्यावर ओहोटी होती,
म्हणजे फोटोला वाईट, वासाला त्याहून वाईट.
फ्लेमिंगो यायला अजून महिना अवकाश.
तरी इथंच, हृषीकेश म्हणाला.
वडील पोर्ट ट्रस्टात होते त्याचे,
शाळा बुडवून तो याच कठड्यावर बसायचा.

अल्वेना वसईची. एका हातात साडीचा काठ,
दुसऱ्या हातात चपला,
तिसरा असता तर नाक धरलं असतं.

माझ्या गळ्यात दोन पट्टे.
उजवीकडे डिजिटल, कितीही खाल्लं तरी उपाशी.
डावीकडे बोरा बाजारातल्या फरेदूनकाकांनी
स्प्रिंग बदलून दिलेला पेंटॅक्स,
त्याच्या पोटात मोजून छत्तीस घास.

आधी डिजिटल.
क्लिक झालं की दोघं धावत येतात,
पडद्यावर वाकतात.
ती म्हणते, हनुवटी.
तो म्हणतो, पोट.
पुसून टाक. टाकलं.
परत जाऊन उभे राहतात तेव्हा
ती हनुवटी सांभाळत असते, तो श्वास.
दोनशे चाळीस फोटो झाले,
प्रत्येकात चार माणसं:
ही दोघं,
आणि ही दोघं जशी दिसायला हवीत ती दोघं.

मग मी पेंटॅक्स काढला.
दाखव, म्हणाली.
यात दाखवायला काही नसतं. आठवड्यानं.
आठवडा? तिनं असं विचारलं
जसा मी पासपोर्टच अडकवला होता.

पाचसहा फोटो गेले अवघडलेले.
मग बघायला काही नाही म्हटल्यावर
ती चिखलाकडे बघू लागली.
अगं, निवट्या!
ओल्या गाळात बोटाएवढे मासे उड्या मारत होते,
डोळे डोक्यावर, पाय नसून चालणारे.
आम्ही कालवण करतो यांचं, म्हणाली,
चिंच घालून.
आणि हा, अर्धं बालपण इथं घालवलेला,
त्याला नावच माहीत नव्हतं त्यांचं.
तो तिच्याकडे बघत राहिला.
पोट सुटलं होतं. श्वासही.

मी काढत होते. तीस. चौतीस. छत्तीस.
कधी सदतिसावा मिळतो, वरकड.
मिळाला.
अडतिसावाही मिळाला,
तेव्हा पाठीतून गार काही गेलं.
खटका लोण्यातून जावा तसा जात होता.
डावीकडची कळ फिरत नव्हती.
रोलची जीभ दात्यांत अडकलीच नव्हती,
पहिल्या फोटोपासून.
फिल्म डबीत गुरफटून झोपलेली,
तिच्यापर्यंत ना शिवडी पोचली ना निवट्या.

थांबायला हवं होतं.
पण उजवा पट्टा ओढला असता
तर हनुवटी परत आली असती.
आकडा टेकून थांबला, मी थांबले नाही.
रिकामा कॅमेरा डोळ्याला लावून
अजून वीसेक काढले असतील,
फोकस नीट करून,
उजेड दोनदा मोजून.

चौथ्या दिवशी फोनवर सांगितलं.
पलीकडे गप्प.
मग तिनं विचारलं, निवट्यांचा पण नाही?
नाही.
मागून तो काहीतरी बोलला, ती हसली.
काय ते मला ऐकू आलं नाही,
विचारायचा धीर झाला नाही.

दोनशे चाळिसांतले साठ त्यांनी निवडले.
अल्बम झाला. हनुवटी चांगली आली आहे.

रोल कोराच होता, वाया कशाला घालवायचा.
काल बाणगंगेवर एका दुसऱ्या जोडप्यासाठी भरला.
जीभ दात्यांत घातली, झाकण लावलं,
कळ फिरते का ते तीनदा पाहिलं.
फिरत होती.