दोन बॅगा

लोक चालतात. मी त्यांचं सामान नेतो.
सकाळी नवाच्या आत बॅगा दारात ठेवायच्या,
बॅगेला पिवळी चिठ्ठी, चिठ्ठीवर नाव,
एवढाच नियम.
त्यांना डोंगरावरून पुढच्या गावी पोचायला अख्खा दिवस लागतो,
मला व्हॅननं पंचवीस मिनिटं,
त्यातली पाच लेओन्सची,
जो खानावळीपुढचा रस्ता झाडता झाडता
झाडू आडवा धरून व्हॅन थांबवतोच.

मे महिन्यात फ्राउके हुक्स्ट्रा आली.
माणूस एक, बॅगा दोन.
निळी खच्चून भरलेली.
दुसरी तपकिरी, पुरुषी, झिजलेल्या पट्ट्याची.
ती उचलली तर हात हवेतच वर गेला.
तिच्या चिठ्ठीवर नाव होतं येल्ले.
बुकिंग दोघांचं होतं, हिवाळ्यात केलेलं.
मी विचारलं नाही.
सामान नेणाऱ्यानं वजन बघावं, आत बघू नये.

पहिल्या मुक्कामाला ती पोचली, तेव्हा
पोटऱ्यांवर ओरखडे, बुटांना तांबडी माती
आणि अंगाला तो वास:
तापलेला रानओवा, रोझमेरी, जुनिपर,
चिकट पानांची ती पांढरी फुलं.
आम्ही त्याला वास म्हणत नाही.
माझ्या आईचा एप्रन तसा होता, बापाची टोपी तशी होती.
बाकावर बसून बूट सोडवत ती म्हणाली,
"तुमच्या डोंगराला स्वयंपाकघराचा वास येतो."
लेओन्सनं तिच्यापुढे गुलाबी वाइन ठेवली
आणि पैसे घ्यायला विसरला.
लेओन्स कधी विसरत नाही.

दुसऱ्या दिवशी तपकिरी बॅगेत काहीतरी खुळखुळलं.
तिसऱ्या दिवशी ती मला दोन्ही हातांनी उचलावी लागली.
वळणावळणाला मागून रानओव्याचा लोट यायचा,
डिझेलच्या वासाला ढकलत.

चौथ्या संध्याकाळी, वाइन सोसायटीच्या ओट्यावर,
तिनं नकाशा उलगडून बोट ठेवलं.
"इथे, खिंडीच्या खाली, नुसत्या भिंतीच आहेत.
पायऱ्यापायऱ्यांच्या, चुन्याशिवाय रचलेल्या.
जर्दाळूचं एक झाड. वेल एकही नाही.
कुणाची जमीन आहे?"

"कुणाची नाही," मी म्हणालो.

ग्रनाशचे वेल होते तिथे, आजानं लावलेले,
गुडघ्याएवढे, वाकडे, काळे.
वेल उपटायला सरकारनं पैसे दिले त्या वर्षी
बापानं सही केली
आणि शेजाऱ्याचा ट्रॅक्टर भाड्यानं आणला.
आमचा चालू होत नाही, असं सांगायचा.
चांगला चालू होत होता.
त्या हिवाळ्यात चुलीत तीच खोडं जळली.
छान जळतात. मांस भाजावं तर त्यावरच.
मी तेव्हा बारा वर्षांचा, पोटभर जेवलो.
नंतर त्या वाटेनं गेलो नाही.
रस्त्यानं जातो.
रस्त्यावरून भिंती दिसत नाहीत.

शेवटच्या दिवशी, स्टेशनवर,
तिनं तपकिरी बॅग फलाटावरच उघडली.
पाइनची फळं, कौलाचा तुकडा, गोगलगाईचे शंख,
सुतळीनं बांधलेल्या वाळक्या जुड्या,
आणि छाटणीची एक गंजकी कात्री.
"ही त्या भिंतीच्या फटीत होती.
कुणाची नाही म्हणालात, म्हणून घेतली.
येल्लेला असली मोडकी हत्यारं फार आवडायची."

मी ती उजव्या हातात धरून बघितली.
बसेना.

"डावऱ्या माणसाची आहे," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग कात्रीकडे.
बॅगेची चेन लावली.
कात्री माझ्याच हातात राहिली
आणि गाडी आली.

परतताना ती शेजारच्या सीटवर होती.
लेओन्सनं झाडू आडवा धरला, मी थांबलो नाही.
खिंडीखालच्या वळणावर व्हॅन उभी केली,
इंजिन बंद केलं.
वर जायला चाळीस मिनिटं लागतात,
असं चालणारे सांगतात.
पायात सपाता होत्या.
तरी.