पाव इंच

आमच्या गल्लीत नर्मदा एक दिवसाआड येते,
पहाटे साडेचारला, पाऊण तास.
हे फ्रिजला कोण सांगणार?

त्याच्या पुस्तिकेत लिहिलंय, दाब अखंड हवा.
रईस प्लंबर पुस्तिका वाचत नाही.
ओट्याखाली कमरेपर्यंत शिरून तो म्हणतो,
"भिया, टंकी से ही लेना पड़ेगा,"
आणि पांढरी टेप दातानं तोडतो.

भिंतीला भोक पडलं.
विटेचा लाल भुगा ताकाच्या पातेल्यात.
कुंदानं झाकण ठेवलं, उशिरा,
आणि माझ्याकडे पाहिलं.

नळी करंगळीहूनही बारीक.
हिच्यातून ती येणार,
जलूदहून घाट चढून आलेली,
पंपांनी टप्प्याटप्प्यानं वर ढकललेली,
नि मग आमच्या गच्चीवर
काळ्या टाकीत दोन दिवस उन्हात बसलेली.
रईसनं सांध्याखाली बोट धरलं.
आम्ही तिघं त्या बोटाकडे बघत राहिलो.
कोरडं.

"पहला बरफ फेंक देना."
चहा संपवून तो गेला.
"नर्मदा मोरीत ओतू?" कुंदा म्हणाली.
कूलरमध्ये टाकू, असं ठरलं.

रात्री दोनला स्वयंपाकघरात काहीतरी कोसळलं.
मी बॅटरी घेऊन उठलो.
कुणी नव्हतं. अंधारात
बर्फ पडत होता खणात,
कुणी मागितला नसताना.

ठरलेलं विसरून
एक खडा तोंडात टाकला.
प्लॅस्टिकची चव आली.
मग, जरा वेळानं, काहीच नाही,
नुसतं गार.