नाकाशी सूत

रात्री पावणेदोनला त्यांनी अँब्रोज कीपिंगला खाली आणलं.
व्हेंटिलेटर, तीन पंप, एक नर्स,
आणि मागे बूट हातात घेऊन चालणारी बायको, व्हर्ना.
सेंट जॉन्सच्या या तळघरात खिडकी नाही,
बंदरातला भोंगा तेवढा भिंतीतून येतो.

धक्क्याच्या शिडीवरून पडला होता. परवा.
वर त्यांनी सगळं करून पाहिलं:
डोळ्यात टॉर्च मारावा, तर एक डोळा लहानपणापासून काचेचा,
दुसरा सुजून मिटलेला.
श्वासाचं यंत्र काढून थांबून बघावं,
तर चाळीस वर्षांच्या तंबाखूनं फुप्फुसं हट्टी झालेली,
तिसऱ्याच मिनिटाला ऑक्सिजन कोसळला.
मग माझ्याकडे पाठवला. चित्र काढा, म्हणाले.

जुनी माणसं नाकाशी सूत धरायची.
इथे धरलं तर सूत हलेल,
मिनिटाला चौदा वेळा, न चुकता,
आणि ते हलणं त्याचं नसेल.

शिशाच्या डब्यातून सिरिंज काढली.
हे औषध कुणासाठी थांबत नाही,
सहा तासांत निम्मं होतं,
मग निम्म्याचं निम्मं.
नळीत सोडलं, मागून खारं पाणी.
कॅमेरा कपाळाशी आणला, इतका जवळ
की नर्स म्हणाली, भुवया घासतील हो.

चित्र एकदम येत नाही.
ठिपका. मग ठिपका.
काळ्या ओट्यावर पीठ चाळावं तसं.
आधी मानेतल्या धमन्या, सरळ, घाईत.
वर चढल्या
आणि कवटीच्या पायथ्याशी थबकल्या,
बंद दुकानापुढे माणसं थबकतात,
पाटी वाचतात, वळतात, तशा.
गाल भरले. टाळूच्या कातडीची बारीक कड उमटली.
मध्ये काहीच नाही.
मी अजून पाच मिनिटं दिली. मग आणखी पाच.
मध्ये काहीच नाही.
आणि नाक.
नाक पेटलं.

व्हर्नाला मी काचेमागे बसवलं होतं. तसा नियम नाही.
ती उठली.
ते काय उजळलंय?
नाक, मी म्हणाले.
त्याचंच ते, ती म्हणाली,
बर्फ येणार हे तीन दिवस आधी कळायचं त्या नाकाला.
होडी ओढून घ्यायचा, अख्खं गाव हसायचं,
चौथ्या दिवशी कुणी हसत नसे.
तिचा आवाज पायरी पायरीनं वर चढत होता.
मला अर्थ सांगायची मुभा नाही, मी चित्र काढते.
मी कीबोर्डवरची धूळ पुसली, नसलेली.

डॉक्टर लंड्रिगन आले, स्टूल ओढून
तिच्यापेक्षा खाली बसले.
रक्त वर जायला निघतं, म्हणाले,
वर वाट उरलेली नाही.
मग जिथे दार उघडं, तिथे जातं.

म्हणजे नाकाला सगळं मिळतंय.
हो. डोक्याच्या वाट्याचंही.
आणि डोक्याला?
त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं,
त्या काळ्या पोकळीच्या जरा बाजूला.

जन्मभर नाकासमोर चालला, ती म्हणाली,
आणि पुढचं वाक्य शोधत राहिली.

वेळ लिहिली: तीन बेचाळीस.
छाती वर, छाती खाली. कपाळ कोमट.
तिनं त्यावर हात ठेवला. बराच वेळ.
दुसऱ्या हातात बूट तसेच.

परत नेताना लिफ्टचं दार दोनदा अडलं.
मी टेबल पुसलं, हातमोज्यांवर काउंटर फिरवला,
तो थोडा कडकडला.
हिशेब सोपा आहे:
सव्वाआठला ती चमक निम्मी,
दुपारी सव्वादोनला पाव.
दाखल्यावरची शाई कधीच वाळलेली असेल
आणि कुणी कॅमेरा लावलाच
तर ते नाक अजून दिसेल.

बाहेर, पार्किंगमध्ये, मी मान वर करून
छाती भरून हवा घेतली.
डिझेल. ओला दोर.
बर्फाचं काही कळलं नाही मला.