चकती नंबर तेवीस

कारखान्याच्या लॅबमध्ये एकतीस वर्षं
मी उसाच्या रसाची गोडी मोजली.
आता आष्ट्यात, मालन कुंभारच्या पत्र्याच्या शेडमध्ये
राख मोजतो.

राख दोन जातीची.
एक बॉयलरखालची, चिपाडाची,
दाताखाली आल्यासारखी कचकचणारी.
दुसरी तासगावकडच्या द्राक्षवेलींची,
छाटणीनंतर बांधावर पेटवलेल्या काड्यांची;
चार पाण्यांनी धुतली तरी बोटं चुरचुरतात.

माती तीन.
शिराळ्याची तांबडी,
हरिपूरच्या काठची काळी,
आणि कोल्हापूरहून पोत्यात आलेली पांढरी,
जिला मालन 'पाहुणी' म्हणते.

फेल्डस्पार चाळीस, राख तीस,
गारगोटी वीस, खडू दहा.
वस्त्रगाळ करून ताकाइतकं पातळ.
चकती बुडवायची, तीन म्हणेपर्यंत धरायची,
पाठीवर गेरूने नंबर.
वीज रात्री दहाला येते, सहाला जाते,
तेवढ्यात बाराशे वीस डिग्री गाठायच्या.

तांबडीवर झिलई मधासारखी बसली.
पांढरीवर चकाकली,
आणि दाराबाहेर काढून ठेवल्यावर रात्रभर
टिंग
टिंग
बारीक तडे जात राहिले.
मी अंथरुणात पडून मोजत होतो, सवय जात नाही.
एकशे चाळीसनंतर कधीतरी डोळा लागला.

काळीचं तर काही विचारू नका.
तापच सोसला नाही तिला,
पापडासारखी फुगली, वाकली,
फळीला अशी धरून बसली
की छिन्नी लावताना फळीचाच कोपरा उडाला.

सकाळी वहीत लिहिलं:
पांढरीसाठी गारगोटी वाढवा, पाच पाचनं.
काळी: रद्द.

मालन कडेला पाय पसरून माती तिंबत होती.
म्हणाली, "रद्द काय करताय?
एकलीला कशाला धाडलं आत?
पाठराखीण द्या की संगतीला."

म्हणून निम्मी काळी, निम्मी पाहुणी.
गारगोटी तीस.
पुढच्या भट्टीतून तेवीस नंबर निघाली
आणि मी चष्मा पुसून पुन्हा पाहिली.
मधोमध विहिरीच्या पायरीवरचं हिरवं,
कडेला काकवीचा रंग,
कढईत ढवळता ढवळता शेवटच्या उकळीला येतो तो,
मी ज्याला आयुष्यभर फक्त आकडा दिला.
एकही तडा नाही.
वहीत लिहिलं, यशस्वी. खाली दोन रेघा.

तेवीस नंबर शर्टाच्या खिशात घालून हिंडलो.
बँकेत पेन्शनच्या रांगेत दाखवली,
इस्लामपूरच्या एसटीत शेजारच्या अनोळखी माणसाला दाखवली.
तो म्हणाला, "फरशी बसवताय का?"

तिसऱ्या दिवशी खिशात काहीतरी टोचलं.
नखाएवढा टवका निघाला होता,
आणि खळग्यात मोहरीएवढा पांढरा कण,
फुलून बसलेला.

मी म्हणालो, ॲसिडचा थेंब टाकून बघू,
बाटली कपाटात कुठेशी आहे.
मालननं चकती घेतली,
खळग्याला जीभ लावली,
थुंकली.
"चुना हाय. नदीची चुनखडी.
भाजताना गप ऱ्हाती, मागनं हवेतलं पाणी पिऊन फुगती."

आता ऐंशी नंबरच्या चाळणीतून
काळी माती पाण्यात कालवून गाळतोय,
ती ओतते, मी तळाशी हात फिरवतो.
चाळणीवर उरलेले खडे
एका बरणीत घालून ठेवलेत.

'यशस्वी' खोडलं नाही.
पुढे कंसात लिहिलं,
तीन दिवस.