नर : अज्ञात

लांबी एक पूर्णांक दोन दशांश मिलिमीटर.
म्हणजे तीळही हिच्याशेजारी थोराड दिसेल.

डोळे सहा. आठ नव्हेत, तीनदा मोजले.
तिसऱ्यांदा मोजताना अमानीतली वीज गेली
आणि झुहुरा शेकियोंडो
सूक्ष्मदर्शकावरची मान न उचलता
तशीच अंधारात बसून राहिली,
जणू हललं तर कोळीण निसटेल.
निसटणार कुठे?
अकरा महिने ती अल्कोहोलमध्ये आहे.

रंग फिकट पिवळा.
हा धुऊन उरलेला रंग.
चाळणीतल्या ओल्या पाल्यावर ती मधासारखी होती,
असं कानिकी सांगतात,
ज्यांना उसांबाराच्या या उतारावर सगळे म्झे म्हणतात, वडीलधारे.
कुठल्या मधासारखी?
बिनडंखाच्या माश्यांच्या. पातळ. जरासा आंबट.
शोधनिबंधात आंबट लिहिता येत नाही.

पोटाला ढाली दोन, एक वरून, एक खालून.
पुढच्या पायांवर काट्यांच्या चार जोड्या.
एवढ्याशा जिवाला एवढं चिलखत
कोणाच्या धाकानं, ते ढालीवर लिहिलेलं नाही.

नमुना : एक, मादी.
स्थळ : ओढ्याच्या वरची चढण,
चहाचे मळे संपतात तिथून चाळीस पावलं.
मागच्या खेपेला साठ होती.
पावलं तीच, म्झेंचीच.

तुमचं नाव देऊ का हिला, झुहुरानं विचारलं.
म्झे चाळणी झटकत होते.
केवढी आहे म्हणालीस?
तिनं नखाचं टोक दाखवलं, त्याचाही कोपरा.
ते हसले, मग हसायचे थांबले.
माझ्या आईची चार मुलं गेली, म्हणाले,
म्हणून मी झालो तेव्हा
तिनं नाव ठेवायची घाई केली नाही.
रांगायला लागेपर्यंत मी नुसताच तो होतो.
आधी दुसरी सापडू दे.

रात्री वीज आली. झुहुरानं पुढे लिहिलं :
नर अज्ञात.
जाळं विणते की दबा धरते, अज्ञात.
अंडी किती, कुठे, अज्ञात.
नावाच्या जागी पेन्सिलीनं एक रेघ,
खोडता येईल अशी.

सकाळी पुन्हा ओढ्याच्या वर.
पांढरं कापड, त्यावर चाळणी,
चाळणीत कुजका पाला, म्झेंचे दोन्ही हात.
कापडावर काहीतरी हललं.
दोघांनी श्वास धरला.

मुंगी होती.

म्झेंनी पुढचा ओंजळभर पाला घेतला.